सॉल्व्हंटचा फेस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर माझ्या घोरण्यावरून माझा दिवस कसा गेला ते ओळखते.

आमच्या गावाकडे, लोधीपुऱ्यात, मला अजून 'बॉम्बवाला' म्हणतात. कसला बॉम्ब? अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन आम्लात विरघळवून त्यातलं युरेनियम परत काढतात, त्या कारखान्यात मी सॉल्व्हंट धुवायचो. रॉकेलसारखं तेल ते. युरेनियम ओढून घेता घेता किरणांनी नासतं, जिलबीच्या कढईतल्या तेलासारखं. मग ते सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, तेल आणि पाण्याचे थर वेगळे होईपर्यंत थांबायचं, खालचं पाणी काढून टाकायचं. थांबायचं — एवढीच काय ती विद्या. आणि मी? मी स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही पलीकडे डोकावलेला माणूस!

त्या दिवशी घरून मावा जिलबी आली होती, कँटीनमध्ये. मी तिकडे पळालो; थर बसलेत का, पाहिलंच नाही. पुढच्या पाळीला सुधाकर आला — आपल्याच शेजारच्या बहादरपूरचा, मला भाऊ म्हणणारा. त्याला म्हणालो, "थर बसलेत. डोळे झाकून तेल पुढे सोड." गाववाल्याचा शब्द; त्यानं सोडलं. तेलात राहिलेलं सोड्याचं पाणी पुढे आम्लाला भेटलं आणि असा फेस उसळला, की अख्खं काम बंद.

चौकशीत तो म्हणाला, भाऊंनी सांगितलं होतं. आणि मी — किती सहज! — "साहेब, मी त्याला आधी बघ म्हणालो होतो."

माझं खरं धरलं. त्याला प्लांटमधून काढून भांडारात बसवलं; मला बढती मिळाली. 'फेसवाला' हे नाव त्याला कुणी पाडलं असेल? मीच. कँटीनमध्ये, टाळी घेऊन.

लाजेनं गप्प राहिलो असं समजू नका. फायदा होत होता म्हणून राहिलो. लेकरं लहान होती, साहेब कडक होते — कारणं ढीगभर आहेत, एकही वापरणार नाही.

सुधाकर आता गावी केळीची शेती करतो. परवा त्याच्या मुलाच्या साखरपुड्यात कुणीतरी हाक मारली, "काय फेसवाले!" नव्या व्याह्यांनी विचारलं, हे काय नाव? तो हसला. "अहो, माझीच गलती. बघायला पाहिजे होतं ना मी." मी शेजारच्याच खुर्चीवर होतो.

तर त्याची गलती नव्हती. खोटं मी बोललो. बहादरपुरात कुणी हे चौकात मोठ्यानं वाचलं तरी चालेल. मी समोर उभा राहीन. सुधाकरला मात्र आधी दाखवलेलं नाही, मुद्दामच. तो लगेच "जाऊ द्या, भाऊ" म्हणाला असता — आणि मी जाऊ दिलं असतं.