तातामीवरची माती

आमच्या वाडीत इवाओची गोमा कुत्री स्वच्छतेसाठी नावाजलेली. चौदा वर्षांत घरात एक थेंब नाही की अंगणात घाण नाही. पुलापलीकडच्या बांबूच्या बेटात जायचं, तिथंच बसायचं आणि मुकाट परत यायचं. इवाओ खाचरात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, "तुमची पोरं बी इतकी शिकल्याली न्हाईत." लोक हसायचे. खोटं तर नव्हतंच.

भात कापणीच्या सुमाराला गोमाचे मागचे पाय गेले. मग इवाओ अंघोळीचा जुना टॉवेल तिच्या पोटाखालून घ्यायचा, दोन्ही टोकं मुठीत धरायचा आणि दोघं पुलाकडं निघायची. ती पुढच्या दोन पायांवर, हा वाकून मागं. लांबून वाटायचं, म्हातारा पोतं ओढतोय. शहात्तर वर्षांची कंबर ती, किती दिवस टिकणार? तीही धरली. त्यातच बर्फ सुरू झालं. आमच्याकडं बर्फ पडतं तेव्हा खालच्या खिडक्या बुजतात. पुलाची वाट बंद झाली.

तेव्हा कुठं गोमाला पहिल्यांदा आतल्या खोलीत घेतलं. इवाओची बायको सादाए, तिनं तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, प्लास्टिक अंथरलं, वर पाणी शोषणारे कागद टाकले आणि म्हाताऱ्यांना बांधायचा कागदी लंगोट कापून, शेपटीला भोक पाडून गोमाला बांधला. शेजारी म्हणून बघायला गेलो तर मला म्हणाली, "यांच्यासाठी आणून ठेवलं व्हतं. हिनंच आधी नंबर लावला."

पण लंगोट कोरडाच राहिला. दिवस गेला, रात्र गेली, दुसरी दुपार झाली. गोमा दाराकडं तोंड करून थरथरत होती, बारीक कण्हत होती. शेवटी बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नळी घातली तर घमेलंभर निघालं.

"पाय गेलेत, पण लघवी अडलेली नाही," त्या म्हणाल्या. "ती स्वतःच धरून ठेवतेय."

"कशापायी?" सादाएनं विचारलं.

"घरात करायची नाही म्हणून. आजोबा, असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील. रोज रोज नळी घालता येणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत तिनं आपली आपण करायला हवी."

"शानी हाय लई," सादाए म्हणाली. एरवी अशा वेळी इवाओच पहिला बोलला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमरेला पट्टा आवळून, फावडं घेऊन माझ्या दारात उभा. "पुलापातुर वाट काढायची हाय," म्हणाला.

"खुळा झालास का? कंबर बघ की तुझी."

"तिला दिसातनं चारदा तिथवर न्यायचं जमायचं न्हाई, तवा तिच्या जाग्यावरची माती घरात आणायची. तू येतोस का म्या एकटा जाऊ?"

गेलो. दोघांनी छातीएवढं बर्फ कापत बांबूच्या बेटापर्यंत वाट पाडली. इवाओ दर दहा फावड्यांना थांबायचा, कंबर धरायचा, पुन्हा लागायचा. माती लागली तेव्हा त्यानं फावडं टाकलं आणि खाली बघतच बोलायला लागला.

"आठ महिन्यांची व्हती. थोरल्याच्या लग्नाची बोलणी व्हती, पोरीकडची माणसं आत बसल्याली. ही आत शिरली नि तातामीवर मुतली. म्या हसून घेतलं त्यांच्याम्होरं. ती माणसं गेल्यावर हिचं नाक त्यात घासलं आणि लाकडी खडावानं मारलं. लई मारलं. मग दिवसभर बर्फात बांधून ठेवलं."

त्यानं फावडं पुन्हा उचललं.

"त्यावर एक थेंब न्हाई. आनि म्या गावभर मिरवलं."

आम्ही वाळका पाला आणि माती दोन पोत्यांत भरली. घरी आल्यावर इवाओ पोतं खांद्यावर घेऊन उंबऱ्याशी थांबला नाही. गुडघ्यापर्यंतचे चिखलाचे रबरी बूट घालून सरळ तातामीवर चढला.

"बूट," सादाए म्हणाली.

"राहू दे. हितं आता बाहीरच हाय."

त्यानं लंगोट सोडला, कागद, प्लास्टिक गुंडाळून फेकलं, माती ओतली आणि बुटांनी खोलीभर पसरली. चाळीस वर्षं जी जमीन सादाएनं ओल्या फडक्यानं पुसली, तिच्यावर. ती बघत राहिली. मग दारापाशी गेली, आपले बूट चढवले आणि आत येऊन धन्याशेजारी उभी राहिली. मलाही म्हणाली, "तुमी कशाला मोजे दाखवताय? घाला की."

इवाओनं टॉवेल पोटाखालून घेतला, गोमाला मातीवर उभं केलं. तिनं माती हुंगली, आमचे बूट हुंगले, पुन्हा माती हुंगली. बराच वेळ काही नाही. मी टॉवेल धरतो म्हटलं तर इवाओनं नको म्हणून मान हलवली. आणि मग तिनं सोडली. थांबता थांबेना.

"बाई, म्हस हाय का काय," सादाए म्हणाली आणि डोळ्याला पदर लावावा तशी बाही लावली.

संपल्यावर गोमानं कान पाडले, डोळे मिटले, मान खांद्यात ओढून घेतली. तिच्या लेखी मार अजून यायचा होता. इवाओनं कुरवाळायला हात पुढं केला तशी ती आणखी दबली. त्यानं हात मागं घेतला. टॉवेल मात्र सोडला नाही.

पुढं दर दोन दिवसांनी ताजी माती आणणं सुरू झालं. गावात बभ्रा झालाच. महिला मंडळाच्या चौघी मुळ्याचं लोणचं घेऊन बघायला आल्या, चहाला टेकल्या.

"असली सेवा पोटचं पोर करत न्हाई," त्यातली थोरली म्हणाली. "पुण्यवान कुत्री."

"सेवा कसली," इवाओ म्हणाला. "म्याच मारून मारून तिचं मुतणं बंद केलं व्हतं."

थोरलीनं कपात बघितलं. सादाएनं लोणच्याची बशी पुढं सरकवली. इवाओ कमरेला हात लावून उठला. गोमाखालची माती ओली झाली होती.