आधी कारण, मग दाणा

किसनतात्यांसमोर कुणी एखादी गोष्ट आवडली म्हटलं की त्यांचा उजवा हात पुढे यायचा, तळवा वर करून. "कारन ठेव हितं," ते म्हणायचे. कारण मिळेपर्यंत तो हात मागे जात नसे. चहा चांगला झालाय म्हटलं तरी हात पुढे. आमच्या बुद्धवाड्यातली पोरं त्या हाताला इतकी वचकून असत, की तात्यांच्या समोर त्यांना कुठलीच गोष्ट आवडत नसे.

तात्या फौजेत वायरलेसवर हवालदार होते. निवृत्त होऊन ते शिराळ्याच्या बाजूच्या आमच्या गावात परतले आणि वाड्याच्या तोंडाशी त्यांनी टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मळ्यात राहणारे लोक काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या बॅटऱ्या सायकलला बांधून चार्जिंगला आणत, त्या तिथे रांगेने मांडलेल्या असायच्या. तात्यांचा स्वतःचा टीव्ही मात्र रंगीत. तो त्यांनी खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवला होता. बाहेर अंगण, अंगणात करंजाचं झाड, झाडाखाली पाण्याचा माठ आणि कुंपणापलीकडे पिठाची गिरणी. गिरणीवर अख्खं गाव यायचं. दळणाचा डबा रांगेत ठेवायचा आणि नंबर येईपर्यंत तात्यांच्या अंगणात बसायचं, असं हळूहळू सुरू झालं.

बसलं की भांडण आलंच. आजवर लागलेल्या मालिकांत एक नंबर कुठली, यावरून जगन्नाथ ट्रॅक्टरवाला एकदा एकाच्या अंगावर धावून गेला म्हणतात. तेव्हा तात्यांनी दुधाच्या पावडरीचे चार रिकामे डबे आणले. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येकावर रंगाने चित्र काढलं. घोडा म्हणजे राजाची मालिका. एसटी म्हणजे त्या खट्याळ कंडक्टरची. तुळस म्हणजे मोठ्या घरातल्या सोशिक सुनेची. आणि भिंग म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या इन्स्पेक्टरची. दर रविवारी दुपारी गिरणी सुरू झाली की ज्याने त्याने आपल्या दळणातला एक दाणा हातात घ्यायचा, आपली मालिका एक नंबर का ते सगळ्यांपुढे सांगायचं आणि दाणा त्या डब्यात टाकायचा. गहू असो, जोंधळा असो. शेवटी तात्या दाणे मोजून वहीत नंबर लावत आणि दाणे कोंबड्यांना टाकत. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. ज्याने मालिका बघितलीच नाही त्याला मत नाही. आणि एकाचं कारण संपेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही.

मी कधी त्या अंगणात बसले नाही. जे सांगते आहे ते कुंपणापलीकडे सायकल धरून, नाक मुरडत ऐकलेलं आहे.

एका रविवारी जगन्नाथ एसटीच्या बाजूने उभा होता. "आवं तात्या, घाटात गाडी बंद पडती, आन् त्यो कंडक्टर आमदारालाबी खाली उतरवून ढकलाय लावतो! लय भारी!"

"आमदाराला उतरवतो, हितवर कारन हाय," तात्या म्हणाले. "लय भारी हे कारन न्हाई गड्या. लय भारी ह्यो नुस्ता आवाज हाय."

मग इंदूकाकी उठल्या. वरच्या आळीच्या, पंधरा एकर उसाच्या घरातल्या थोरल्या सूनबाई. घरात सासऱ्यांपुढे त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. इथे त्या कमरेला पदर खोचून उभ्या होत्या.

"त्या तुळसवालीच्या घरात सकाळ झाली की सून दिवा लावती, मग रडती, मग चा पिती. मी इचारते, भाकरी कोन थापतं त्या घरात? एवढं भाग झालं, मला एकदा पीठ दिसलं न्हाई."

"काकी, मोठ्या घरात बाई आसती कामाला," जगन्नाथ म्हणाला.

"मग त्या बाईची मालिका काढा की रं! रडनारीपरीस तिला जास्ती म्हाईत आसंल!"

अंगण हसून लोळलं. काकींचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी माठातून तांब्या भरून घेतला, वरून घटाघटा पाणी प्यायल्या, तोंड पुसलं आणि पुढे बोलू लागल्या. "माजा दाना भिंगाला. का, तर त्यो इन्स्पेक्टर घरातल्या बाईला इचारतो, तुमी काय बगितलं? आन् तिचं सांगून हुईस्तोवर मदी कोन बोलत न्हाई."

तात्यांचा पुढे आलेला हात तेव्हा मागे गेला. "हे कारन," ते म्हणाले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मला मात्र हे सगळं बघून चीड यायची. माझे वडील सांगलीत छापखान्यात खिळे जुळवायचे. मी मुळाक्षरं शिकले ती पत्रकांवर. वडील रविवारी घरी येताना चळवळीच्या पत्रकांचे उरलेले कागद पिशवीतून आणायचे आणि आम्ही भावंडं ते मोठ्याने वाचायचो. पाणवठा एक झाला पाहिजे, पंगत एक झाली पाहिजे, ही वाक्यं मला बाराखडीइतकी पाठ होती. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागले. माणसं लढायचं सोडून खोटी माणसं बघत बसतात आणि वर त्यांना नंबर लावतात, हे मला सहनच होत नसे.

एकदा तात्यांनीच मला हाक मारली. "ये की गं पोरी, बस. दाना घे."

"मी असलं काही बघत नाही, तात्या."

"मग ऱ्हाऊ दे. मत न्हाई तुला."

चार माणसं हसली. तात्यांनी ते नियम म्हणून सांगितलं होतं. माझ्या मात्र कानशिलाला आग लागली. ज्या मुलीने मतांच्या हक्कावर पत्रक काढलं होतं तिला मत नाही? तेही पावडरीच्या डब्यापुढे?

त्याच आठवड्यात मी लिहायला बसले. 'पेटीपुढे बसलेल्यांनो, उठा!' असा मथळा दिला. वडिलांनी ते जुळवताना दोनदा माझ्याकडे बघितलं, पण माझ्या मजकुराला हात लावायचा नाही ही त्यांची पद्धत होती. त्यात मी बरंच काही लिहिलं. आता वाचली तरी बरी वाटतील अशी एक-दोन वाक्यंही त्यात आहेत. पण गावाने वाचलं ते एकच वाक्य. ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे: 'खात्यापित्या घरच्या सुना दळणाचा डबा गिरणीत ठेवून दोन-दोन तास परक्या अंगणात मालिकांना मतं देत बसतात आणि घरी जाऊन सांगतात, दळण उशिरा झालं.'

हे खरं होतं. म्हणूनच मला ते धारदार वाटलं. कुणाचंही नाव घेतलेलं नाही, याचाही मला अभिमान होता. शिराळ्याच्या बाजाराच्या दिवशी मी ती पत्रकं वाटली आणि उरलेली आमच्या गावात घरोघर टाकली. वरच्या आळीत जरा जास्तच.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गिरणीवरून गेले. डबे नेहमीसारखे रांगेत होते. पण ते सायकलवरून, मोटारसायकलवरून पुरुषांनी आणले होते. डबा ठेवून ते गिरणीच्या सावलीला बिड्या ओढत उभे होते. कुंपणापलीकडे तात्या चारही डबे मांडून बसले होते. जगन्नाथसुद्धा नव्हता. बायकांच्या अंगणात हा काय करतो, असं त्याला कुणीतरी विचारलं होतं म्हणे.

मला वाटलं, पत्रक लागू पडलं. खरंच वाटलं. मी घरी जाऊन आईला तसं सांगितलंही.

आई चुलीपुढे होती. तिने मान वर केली नाही. "इंदूच्या सासऱ्यानं देवळाच्या कट्ट्यावर तुजा कागुद वाचून दावला. घरी जाऊन तिला म्हनाला, दळान उशिरा हुतंय म्हनं, आजपास्नं तू नगं जाऊस. कट्ट्यावरच कोनतर बोललं, अंगन कुनाचं हाय ते तरी बगायचं, पानी कुनाच्या हातचं पितीया." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "मीबी बसत हुते तितं. इंदूच्या मांडीला मांडी लावून. तुला कवा दिसले न्हाई व्हय?"

नाही दिसली. खोटं कशाला लिहू? आई दिसली नाही, माठ दिसला नाही. एका तांब्याने वरची आळी आणि आमचा वाडा पाणी पीत होता. माझ्या वडिलांच्या पत्रकांना जे इतक्या वर्षांत आमच्या गावात जमलं नव्हतं ते तिथे कुणी न बोलता चाललेलं होतं. मी महिनोन् महिने कुंपणाशी उभी राहून बघत होते आणि मला त्यात टीव्ही तेवढा दिसला.

तात्यांकडे जायला मला चार दिवस लागले. ते टीव्हीचं मागचं झाकण उघडून बसले होते. माझं पत्रक शेजारीच, घडी घालून ठेवलेलं. मला वाटलं, आता ओरडतील. फौजी माणूस होता तो, ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"छपाई चांगली हाय," ते म्हणाले. "तुज्या बापाचा हात हाय न्हवं?"

"व्हय."

"ह्या चारातली तू कंची बगितलीस?"

मी मान हलवली.

"एकबी न्हाई?" त्यांना राग नव्हता आला, आश्चर्य वाटलं होतं. "मग लिवलंस कसं गं?"

मी काहीतरी बोलले. मालिका बघितली नाही तरी तिचा परिणाम समाजावर दिसतो, असं काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं, माझं संपेपर्यंत मध्ये एक शब्द बोलले नाहीत आणि मग पुन्हा झाकणात डोकं घातलं.

त्यानंतर मी गाव सोडलं असं म्हटलं तर चालेल. सांगलीत नोकरी धरली, सणावाराला घरी जात राहिले. गिरणीवरून जायचं टाळत होते. इंदूकाकी एकदा एसटी स्टँडवर दिसल्या, सासऱ्यांच्या मागे चार पावलं. मी हसले. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि दुसरीकडे बघितलं. त्यांनी तसं करण्यात काहीही चूक नव्हती.

गेल्या पावसाळ्यात तात्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा इकडचं तिकडचं बोलले. दुसऱ्यांदा ठरवूनच गेले. वॉर्डातल्या उंच फळीवर टीव्ही चालू होता आणि तात्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी हळू आवाजात वाद घालत होते. त्या माणसाला समोर चाललेली मालिका लय भारी वाटत होती, हे ओघाने आलंच.

मी खाली वाकले आणि म्हटलं, "तात्या, माजं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सलाइनची सुई टोचलेला तो उजवा हात चादरीवरून हळूहळू सरकत पुढे आला आणि तळवा वर झाला.

"कारन ठेव."

मी म्हटलं, "मी कुनाचं नाव घेतलं नव्हतं, तात्या. मला वाटलं नव्हतं की आसं..."

"हे कारन न्हाई," ते म्हणाले. "ही सारवासारव झाली."

हात तसाच राहिला. मी त्यावर माझा हात ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला केला आणि तळवा पुन्हा वर केला. वाट बघत होते. तेवढ्यात नर्स आली, भेटीची वेळ संपली म्हणाली. मी सुटल्यासारखी उठले. ते सुटणं मला सगळ्यात जास्त लागतं. त्यानंतर नवव्या दिवशी तात्या गेले.

पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी यमुनाकाकूंनी, तात्यांच्या पत्नीने, मला आत बोलावून ती वही दिली. "तुजी हाय म्हनले हुते," एवढंच म्हणाल्या.

वही मी सांगलीला येऊन उघडली. फौजेतली सवय, प्रत्येक रविवारची आधी हजेरी, मग नावं, प्रत्येक नावापुढे कारण, शेवटी नंबर. इंदूकाकींची कारणं पान पान भरून आहेत. माझ्या आईचीही आहेत. माझ्या आईला एखाद्या गोष्टीबद्दल इतकं सारं वाटतं हे मला त्या वहीतून कळलं. मग माझ्या पत्रकानंतरचा रविवार येतो. 'हाजिर एक. नंबर तसाच.' त्यापुढचा रविवार, 'हाजिर एक. नंबर तसाच.' पानामागून पान, वर्षभर, दोन वर्षं, मिरजेला नेईपर्यंत. प्रत्येक रविवारी त्यांनी डबे मांडले होते.

फक्त एका पानावर थोडं जास्त लिहिलं आहे. मी त्यांच्याकडे चार दिवसांनी गेले होते त्यानंतरच्या रविवारचं ते पान. हजेरीत त्यांच्या नावाखाली माझं नाव आहे. मी तर त्या रविवारी गेलेच नव्हते. पुढे बारीक अक्षरात: 'हिचं मत राहिलंय. बघून आली की घ्यायचं.' आणि त्याखाली 'कारन' असं लिहून एक ओळ कोरी सोडली आहे.

त्या चारांपैकी एकही मालिका आता लागत नाही. त्या ओळीत काय लिहावं म्हणून मी बऱ्याचदा पेन हातात घेते. हे एवढं सगळं मी इथे लिहिलं, ओळ अजून कोरीच आहे.