काटेताई आणि सात नंबरचं ताट

काटे हे त्यांचं आडनाव नव्हतं. आमच्या विभागात अन्न तोलायचे दोन इलेक्ट्रॉनिक काटे होते आणि त्यांच्यापाशी या बाई एकोणीस वर्षं उभ्या होत्या, म्हणून त्या काटेताई. खरं नाव हजेरीपटावर असेल. मी तिथे रक्त काढायला रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला बजावण्यात आलं, "स्वयंपाकघरात गेलीस तर शिंकू नकोस हं, काटेताईंचा काटा हलतो."

विभाग हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होता. मधुमेह असलेल्या माणसाला भूक किती लागते, जेवल्यावर त्याचं स्वादुपिंड किती इन्सुलिन सोडतं, 'आता पुरे' हा निरोप पोटाकडून मेंदूकडे कसा जातो, याचा अभ्यास तिथे चाले. काटेताईंचं काम सांगायला सोपं होतं. ताट जाण्याआधी तोलायचं, परत आल्यावर तोलायचं आणि वजाबाकी लिहायची. सूप, पाव, उकडलेल्या भाज्या, भात, दही, प्रत्येक वाटी वेगळी. पावाचा चुरा पडला असेल तर तोही ब्रशने गोळा करून काट्यावर.

नियम मात्र कडक. ताट ठेवताना जेवणाऱ्याशी बोलायचं नाही. 'घ्या की अजून' म्हणायचं नाही. हसायचंसुद्धा नाही. आमच्या डॉक्टरबाई म्हणायच्या, "समोर कोणी असलं की माणूस भुकेपेक्षा जास्त खातो, नाहीतर लाजून कमी खातो. मला त्याची भूक मोजायचीय, भीड नाही." म्हणून काटेताई खाली बघत ताट ठेवायच्या आणि खाली बघत निघून यायच्या. पुढे पुढे त्यांना ती सवयच लागली. जिन्यात भेटल्या तरी त्यांची नजर आपल्या चपलांवर.

घरी त्या एकट्याच. लग्न झालं नव्हतं. वडील होते, तेही मधुमेहीच. अकरा वर्षं काटेताईंनी त्यांचंही ताट तोललं. वडील त्यांना 'जेलरसाहेब' म्हणायचे, सुरुवातीला गमतीने, नंतर गमतीने नाही. एकदा त्यांनी वडिलांना कपाटाच्या दाराआड उभं राहून मूठभर साखर खाताना पकडलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात झापलं. म्हातारा आठ दिवस त्यांच्याशी बोलला नाही. त्याच वर्षी ते गेले. हे सगळं मला फार उशिरा कळलं. सात वर्षं आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना काम केलं आणि एकदाही डबा एकत्र उघडला नाही. मी तळमजल्यावर मैत्रिणींत बसायचे. त्या काट्यांच्या ओट्यापाशी उभ्या उभ्या खायच्या. मी कधी बोलावलं नाही, हेही इथे सांगून टाकते.

तर त्या वर्षी नव्या औषधाचा अभ्यास सुरू झाला. जेवल्यावर आतड्यातून एक संप्रेरक सुटतं. ते मेंदूला सांगतं 'थांब' आणि स्वादुपिंडाला सांगतं 'कामाला लाग'. औषध त्या संप्रेरकासारखंच होतं. बावीस माणसं, बारा आठवडे, प्रत्येकाचा आठवड्यातून एक दिवस ठरलेला. अर्ध्यांना खऱ्या औषधाचं इंजेक्शन आणि अर्ध्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याचं. कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरबाईंनाही माहीत नव्हतं. माणसांना नावं नव्हती, नंबर होते.

सात नंबर म्हणजे सत्तरीचे एक निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक. वार बुधवार. नऊची वेळ असली तरी आठलाच हजर, शर्टाला कडक इस्त्री, केस पाण्याने बसवलेले. आमची लिफ्ट कुरकुरायची, तर आल्या आल्या म्हणायचे, "तिसऱ्यावर येताना हिला धाप लागते. माझ्यासारखीच झालीय." मी हसायचे. काटेताई खाली बघायच्या.

जेवणाआधी आणि नंतर दर अर्ध्या तासाने मी रक्त काढायचे आणि एक कागद पुढे करायचे. कागदावर एक आडवी रेघ. एका टोकाला 'अजिबात भूक नाही', दुसऱ्या टोकाला 'भयंकर भूक'. आपली भूक जिथे असेल तिथे फुली मारायची. बाकीचे लोक बस पकडायची असल्यासारखी फुली मारून मोकळे व्हायचे. सात नंबर चष्मा पुसायचे, विचार करायचे, मग मारायचे.

त्यांचं जेवण आठवड्यागणिक उतरत गेलं. आधी ताट चाटूनपुसून स्वच्छ, मग पाऊण, मग जेमतेम अर्धं. डॉक्टरबाई खूश. पण त्याहून खूश त्या रक्ताच्या आकड्यांवर होत्या. जेवल्यावर साखर आणि इन्सुलिन एकदा वर जाऊन उतरायचं आणि दीडएक तासाने पुन्हा वर उसळी घ्यायचं. "बघा," त्या आलेखावर बोट ठेवून म्हणाल्या, "पोट हळूहळू रिकामं होतंय आणि थकलेलं स्वादुपिंड दुसऱ्यांदा उठतंय. याला खरं औषध मिळतंय, मी पैज लावते." पुढच्या तुकडीला डोस वाढवायची परवानगी मागणारं पत्रही त्यांनी लिहायला घेतलं.

नवव्या बुधवारी काटेताई कचऱ्याची पिशवी घेऊन मागच्या लोखंडी जिन्याकडे गेल्या. संडास त्याच बाजूला होता. जिन्याच्या पायरीवर सात नंबर बसले होते. मांडीवर रुमाल, रुमालात जाडजूड पाव आणि त्यावर जॅम. दोन्ही हातांनी धरून ते खात होते, न चावता, गिळत.

वडिलांवर चढवला होता तसा आवाज चढवणार होते, असं काटेताई मला नंतर म्हणाल्या. पण चढवला नाही. पिशवी खाली ठेवून त्या दोन पायऱ्या वर बसल्या. अभ्यासातल्या माणसाशी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बोलल्या.

"किती आठवडे?"

"सहा." सात नंबरांनी तोंड पुसलं. "तिसऱ्या आठवड्यात ताटात अर्धं टाकलं, तर अंगाला घाम सुटला, हात थरथरायला लागले. साखर उतरवायच्या गोळ्या रोजच्या चालू आहेत ना माझ्या. पोटात काही नाही आणि गोळी आपलं काम करतेय. म्हणून मग हे आणायला लागलो."

"पण ताटात टाकता कशाला? भूक नसते?"

"भूक?" ते हसले. "मी अख्खं ताट खाऊन वर तुमचं खाईन."

मग त्यांनी सांगितलं. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कानावर आलं होतं की ज्यांची भूक कमी होईल त्यांना पुढच्या टप्प्यात घेणार आणि तो टप्पा वर्षभर चालणार. बाकीच्यांना बाराव्या आठवड्यानंतर रामराम. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी परदेशात, रविवारी फोन करायची.

"ताई, इथे मला दिवसातून सहा वेळा कोणीतरी विचारतं, भूक लागलीय का. घरी मी मेलो तर वास आल्यावर कळेल."

काटेताईंनी कचऱ्याची पिशवी जवळ ओढली. त्या म्हणाल्या, "तुमच्या पावावरून डोस वाढणार आहे. दुसऱ्या कोणाच्या तरी अंगात जाईल तो. तुम्ही स्वतः सांगा डॉक्टरबाईंना. पुढच्या बुधवारपर्यंत मी गप्प बसते."

"सांगतो," ते म्हणाले.

पुढच्या बुधवारी ते आठला आले. इस्त्री तशीच. त्यांनी काही सांगितलं नाही. जेवण झालं, रक्त झालं आणि ते संडासाच्या बाजूला निघाले. काटेताईंनी परत आलेलं ताट तोललं आणि वजाबाकी लिहिली. मग हात धुतले आणि डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार वाजवलं. त्या दाराशी त्यांना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरबाई चांगल्या बाई. चिडल्या नाहीत. आलेख पुढे ओढून त्यांनी दुसऱ्या उसळीवर बोट ठेवलं. "म्हणजे हे स्वादुपिंड नाही. हा जॅम आहे," म्हणाल्या. लिहिलेलं पत्र त्यांनी मधोमध फाडलं. मग सात नंबरांना आत बोलावलं. दार लावलेलं होतं, त्यामुळे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात रुमालाची पुडी होती. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. स्वयंपाकघराच्या खिडकीवरून गेले, पण आत बघितलं नाही. लिफ्ट न घेता जिन्याने उतरले.

अभ्यास एकवीस माणसांवर पुरा झाला. औषधाने भूक थोडी कमी होत होती, स्वादुपिंडही थोडं सुधारत होतं. थोडंच, पण खरं. कोणाला काय दिलं ते लिहिलेली बंद पाकिटं उघडली तेव्हा कळलं, सात नंबरांना पहिल्यापासून मिठाचं पाणीच मिळत होतं.

त्या दिवशी काटेताई माझ्या टेबलापाशी आल्या आणि हे सगळं मला सांगितलं. वडिलांचं, साखरेचं, जिन्याचं, सगळं. उभ्याच होत्या. मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाल्या, "नको, काटा चालू ठेवून आलेय."

"तुम्ही बरोबरच केलंत," मी म्हटलं.

"ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्याने काय होतं?"

दोनेक महिन्यांनी त्यांना सात नंबर पुन्हा दिसले, तळमजल्यावर, मधुमेहाच्या रोजच्या तपासणीच्या रांगेत. आता त्यांना इन्सुलिन सुरू झालं होतं. मांडीवर नवीन सुया-बाटलीची पेटी होती आणि ते तिची कडी उघडमिट करून बघत होते. शेजारची खुर्ची रिकामी होती. काटेताई जाऊन बसल्या.

"बरे आहात?"

"आहे." त्यांनी कडी लावली. "तुम्ही केलंत ते चूक नव्हतं. त्या बाईंनी मला नीट समजावलं. पण मला तुमचा राग आलाय आणि तो जात नाहीये. तो राहू दे माझ्याकडे."

"राहू दे," काटेताई म्हणाल्या.

"लिफ्टच्या वरच्या पुलीला तेल घालायला सांगा. एक दिवस माणसांसकट अडकेल."

"सांगते."

तेवढ्यात त्यांचा पुकारा झाला. या वेळी नंबराने नव्हे, नावाने. ते पेटी काखेत मारून आत गेले. काटेताई तिथेच बसून राहिल्या. बाहेर आले की एक कप चहा विचारू, असं त्यांच्या मनात आलं होतं. चहाचं यंत्र समोरच होतं. वाक्यही त्यांनी जुळवून ठेवलं होतं. पाऊण तासाने त्यांनी दाराशी बसणाऱ्या मावशींना विचारलं.

"ते होय? ते मघाशीच गेले की," मावशी म्हणाल्या. "सुई शिकवायच्या खोलीला मागून दार आहे."

काटेताईंनी घड्याळात पाहिलं. बारा वाजायला आले होते. वर नव्या तुकडीतल्या चौदा नंबरचं ताट तोलायचं होतं.