‘तू’ कुणाला म्हणतेस?

"तू कुणाला म्हणतेस गं?" असं म्हणत डॉक्टरने माझ्या आईच्या तोंडावरचा पदर ओढला.

कापून उरलेला जबडा उघडा पडला. लाळ गळ्यावर. भोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. त्यातली एक नाक दाबून हसली.

आईचा गुन्हा काय? आम्ही सारसोळ्याचे कोळी. आमच्या बोलीत पाटलाला तू, जावयाला तू, देवालाही तू. कॅन्सरच्या ऑपरेशनचे टाके सुकले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला रोज शेक द्यायला नेत. शेक म्हणजे मशीनखाली झोपवायचं, गाठ पुन्हा येऊ नये म्हणून. आईने अर्ध्या तोंडाने, मायेनेच विचारलं होतं, "डॉक्टर, तू मना शेक कवा देशील?"

तो तर पहिल्या दिवसापासून तिला अगंतुगं करत होता. त्याच्या आईच्या वयाची होती ती.

"तू मना शेक कवा देशील!" त्याने नक्कल केली. सगळे खो खो हसले. मग तिचा अंबाडा धरून मान उजेडाकडे फिरवली आणि पोरांना सांगू लागला, "ही आपल्या अभ्यासातली. निम्म्यांना शेक, निम्म्यांना नाही. हिला द्यायचा नाही. गाठ किती लवकर उलटते ते बघायचंय."

मराठीत सांगितलं. आमच्या तोंडावर. पाटीतल्या मासळीसमोर कोणी हळू बोलतं का?

आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. आई तर शेकाची वाट बघत होती.

माझं डोकं फिरलं. मी त्याचं मनगट धरलं आणि पिरगळलं. पाट्या वाहिलेला हात माझा. हाड वाजलं. मला बरं वाटलं. आजही वाटतं. वॉर्डबॉयने मला केसांना धरून फरशीवर आपटलं, कमरेत लाथ घातली. दात पडला. तोंडात रक्त, आणि मी ओरडतेय, "तू! तू! तू!" शाळेत मास्तरांनी छड्या मारमारून हा शब्द माझ्या तोंडातून काढला होता. तो रक्ताबरोबर परत आला.

त्याच दिवशी आम्हाला बाहेर काढलं. दुसरीकडे शेकाचा नंबर लागेपर्यंत गाठ उलटली. पाजलेलं पाणी गालातून बाहेर यायचं. आई तडफडून मेली. किती लवकर, ते मात्र मी त्याला कळू दिलं नाही.

आता आमच्या शेतांवर इमारती उठल्यात, त्यात दवाखाने आलेत. गावातली कुठलीही बाई आजारी पडली की मी सोबत जाते. खाटेला लागून उभी राहते. डॉक्टरने हात पुढे केला की आडवी होते.

"थांब. पयलं हिला सांग तू, काय करनार हाय ते. ती हो बोलली तरच हात लाव."

रागावतात. रागावू देत. मनगट त्यांनाही आहे.