मंडळीनं माझ्या वाटचं वचन दिलं

लेकीच्या बाप्तिस्म्याचा रविवार ठरला तेव्हा मला आनंद झाला नाही, हे आधीच सांगून टाकते. उलट चिडचिडच झाली. करुणा तेव्हा तान्ही होती. दिवसभर किरकिर करायची, अंगावर धड प्यायची नाही आणि पाळण्यात टाकली की टाहो फोडायची. नवरा फौजेत, पार सीमेवर. माझं माहेर सांगलीचं, पण आई गेल्यावर बाळंतपणाला हक्कानं जावं असं तिथं कोणी उरलं नव्हतं. म्हसवडच्या अलीकडच्या आमच्या गावात सासूबाई होत्या, पण त्यांचा एक हात लकव्यानं गेलेला. माझ्या अंगात त्राण नव्हतं. खरं सांगायचं तर लेकराला उचलून घेताना मला काहीच वाटायचं नाही. दुसऱ्या कुणाचं पोर सांभाळायला ठेवलंय, असंच वाटायचं. हे मी कुणापाशी बोलले नव्हते. आई असून असं बोलायचं तरी कसं?

त्यात माझा भाऊ. तो अलीकडे एका नव्या प्रार्थनामंडळात जायला लागलाय. त्यानं फोनवर ऐकवलं, "कळत्या वयात, स्वतः विश्वास ठेवून घेतला तरच तो बाप्तिस्मा. तान्ह्या पोराच्या डोक्याला पाणी लावून काय उपयोग?" वाद घालायची ताकद कुणाला होती! मला तर बरंच वाटलं, तेवढीच दगदग टळेल. सासूबाईंना सांगितलं, तर त्या फटकन म्हणाल्या, "आगं, दूध पाजताना इचारतीस व्हय तिला, तुला कळतंय का म्हनून? भूक लागली की पाजायचं. देवाचं बी तसंच हाय."

नवरा थोडक्या रजेवर आला आणि आम्ही तालुक्याच्या गावातल्या चर्चमध्ये गेलो. लग्नानंतर मी तिथं फारशी गेले नव्हते, त्यामुळे ओळखीचं असं कोणी नव्हतं. आमच्या पंथाच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, बाळाला वेगळे धर्मपिता-धर्ममाता नसतात. आधी आईबापांना विचारतात, मग सगळ्या मंडळीला उभं करून विचारतात की या लेकराला वाढवायला तुम्हीही हात लावाल काय. लहानपणापासून माहेरच्या चर्चमध्ये हे बघत आले होते. माणसं उठायची, 'होय' पुटपुटायची, खाली बसायची. मला तो नुसता रिवाज वाटायचा.

चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "या बाळाला प्रभूच्या प्रेमात वाढवण्याचं वचन देता काय?" नवरा परेडवर असल्यासारखा खणखणीत "होय" म्हणाला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. हा उद्या बॅग उचलून निघणार, मग वाढवणार कोण? मीच ना? आणि मला तर ते जमत नव्हतं. माणसांसमोर खोटं बोलता येतं, पण देवाच्या घरात उभं राहून कसं बोलू? पाळकसाहेब थांबले, त्यांनी परत हळू विचारलं. नवरा कोपरानं ढोसत होता. मला रडू कोसळलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला सतरंजीवरून एक म्हातारी उठली. एस्तेरबाई, हे नाव मला मागाहून कळलं. मंडळीला अजून काही विचारलंच नव्हतं. तरी ती म्हणाली, "सायेब, पोरगी लय दमलीया. तिच्या वाटचं आमी म्हनतो. व्हय."

बाकीच्यांना वाटलं, उठायची वेळ झाली. भराभर सगळे उठले. कुणी 'होय' म्हणालं, कुणी 'व्हय', एक आजोबा तर दोनदा म्हणाले. पाळकसाहेब जरा गोंधळले. उपासनेत हे असं कुठंच बसत नाही. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "देवानं ऐकलं." पाणी लागताच करुणानं असा भोंगा पसरला की सगळे हसले.

दुपारी मटणाचं जेवण होतं. एस्तेरबाईंनी लेकरू माझ्याकडून काढूनच घेतलं. "जा, आत जाऊन नीज जा." पाळकसाहेबांच्या घरात, अनोळखी उशीवर मी मेल्यासारखी झोपले. उठले तर ऊन कललं होतं, ताट झाकून ठेवलेलं होतं आणि करुणा या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती. पोटच्या पोरीच्या बाप्तिस्म्याचं जेवण झोपेत घालवणारी मी पहिलीच असेन.

नवरा गेला आणि मला वाटलं, झालं, संपलं हे कौतुक. पण दोनच दिवसांत एस्तेरबाई एसटीनं आमच्या दारात. मग दुसरी कोणी, मग तिसरी. त्यांनीच मला साताऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. "हे नुसतं दमणं न्हाई, बाई," एस्तेरबाई एवढंच म्हणाल्या. बाळंतपणानंतर मनाला असं दुखणं जडतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि औषधं सुरू झाली. थकवा काही जादूनं गेला नाही, आजही दुपारी पाय ओढत चालते.

हा चमत्कार होता का, हे मी सांगू शकत नाही. भावाशी वादही घालणार नाही. मला एवढंच कळलं की देवापुढं जाताना हातात काहीतरी हवं, विश्वास हवा, निदान एक धड 'होय' तरी हवं, असं मी धरून बसले होते. त्या रविवारी आम्हा मायलेकींचे हात रिकामे होते. तिला कळत नव्हतं, मला जमत नव्हतं. देवानं दोघींनाही उचलून घेतलं. सगळं आपणच पेलायचं, हा हट्ट मी तेव्हापासून सोडत आलेय. एकदम सुटत नाही.

परवा एस्तेरबाई आल्या आणि नेहमीसारखे त्यांनी लेकराला घ्यायला हात पुढं केले. करुणा माझ्या खांद्यावर डोकं टाकून जागीच होती, तिचा गरम श्वास मानेला लागत होता. मी म्हटलं, "आज राहू द्या माझ्याकडंच." बोलल्यावर माझं मलाच नवल वाटलं. एस्तेरबाईंनी हात मागं घेतले, डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याच स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. मी लेकीला घट्ट धरून तिथंच उभी राहिले आणि कितीतरी दिवसांनी प्रभूचे आभार मानले.