माझ्या पानावरची पिंकी

लेकीची सोयरीक माझ्यामुळे मोडता मोडता राहिली, आणि यात मुलाकडच्यांचा काडीचाही दोष नव्हता.

बारडोलीहून मंडळी मेघनाला बघायला आली होती. पोहे झाले. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर, दोघांची नजरानजरही झालेली. मी गप्प बसलो असतो तर चहावरच काम झालं असतं. पण मला गप्प बसवणार कोण!

"आताचं इंटरनेट म्हणजे नुसता बाजार!" मी सुरू झालो. "एकदा चप्पल बघा, आठ दिवस चप्पल मागे लागते! आमच्या वेळी कोणी काही विकत नव्हतं. सचिन गावातला कारखाना सुटला की मी थेट सायबर कॅफेत. स्वतःचं पान बनवलं होतं मी! लोक येऊन अभिप्राय लिहायचे. काय निर्मळ माणसं!"

"पानाचा पत्ता आठवतो, काका?" मुलाने विचारलं.

मी (छाती फुगवून) सांगितला. जुनी पानं कुठेशी साठवून ठेवलेली असतात म्हणे. पठ्ठ्याने पाच मिनिटांत माझं पान मोबाइलवर उकरून काढलं!

जांभळा रंग, गरगर फिरणारा गुलाब आणि मधोमध गॉगल लावलेला मी. सगळे हसले. मीही हसलो. मग तो खालचे अभिप्राय मोठ्याने वाचू लागला.

"'तुम्ही फार हुशार आणि देखणे आहात. मी रोज तुमचं पान बघते. पिंकी, कतारगाम.'"

बायकोने कपबशी खाली आपटली. ती चिडली की सरळ अहिराणीत उतरते.

"हाई पिंकी कोन शे?"

"अगं, जुनी गोष्ट..."

"तारीख काय आहे, बेटा?" तिने मुलाला विचारलं. त्याने सांगितली (जावई व्हायच्या आधीच फितूर!). "म्हणजे मी बाळंतपणाला माहेरी शिरपूरला, मेघना आठ दिवसांची, आणि इथे हे चाळे!"

मुलाची आई पदर सावरून उठायच्या बेतात. मेघनाच्या डोळ्यांत पाणी. ते बघून माझा जीव तुटला. म्हटलं, जाऊ दे अब्रू!

"पिंकी मीच आहे!" मी ओरडलो. "काळं कुत्रंही फिरकत नव्हतं त्या पानावर, म्हणून मीच लिहायचो! खालचे प्राध्यापक पाटील मीच, अमेरिकेचे डॉक्टरही मीच!"

मग मुलाचे वडील पोट धरून हसायला लागले. "आमचं ठरलं! इतकं खरं बोलणारा व्याही कुठे मिळायचा?"

साखरपुड्याची तारीखसुद्धा निघाली. मंडळींना बसमध्ये बसवून घरी आलो, तर बायको अजून फुगलेलीच.

"आता कसला राग? पिंकी खोटी होती गं!"

"तोच तर राग आहे! इतक्या वर्षांत तुम्हाला देखणं म्हणणारी एक सापडली होती, तीही तुम्हीच निघालात!"