फडोबाला हात लावायचा नाही

भरत बैलांचे कपडे शिवतो असं सांगितलं की परगावच्या माणसाला वाटतं मी थट्टा करतोय. पण आमच्या जुन्नर-आंबेगावात गाडा पळवणारा बैल मिरवणुकीत मखमलीच्या झुलीशिवाय निघत नाही, आणि त्या झुली पिंपळवंडीचा भरत शिंपी शिवतो. सहा वर्षांपूर्वी उरलेल्या पिवळ्या मखमलीचा त्याने एक बिबट्या शिवला, हातात घालून नाचवायची बाहुली. ठिपके बाटलीच्या बुचाने उठवलेले, मिशा खराट्याच्या काड्यांच्या आणि शेपटीला बैलाच्या झुलीचा गोंडा. उसाच्या फडात राहतो म्हणून त्याचं नाव फडोबा.

मी सुभाष, इथल्या केबल चॅनलचा कॅमेरामन. चॅनल म्हणजे दोन खोल्या आणि एक बंद पडलेला एसी. रविवारी सकाळी दहा मिनिटं भरायला आमच्याकडे काही नव्हतं, म्हणून आम्ही फडोबाला घेतलं. त्यात माझी दूरदृष्टी वगैरे नव्हती, जरी नंतर मी तसं सांगत फिरलो.

पहिल्या वर्षी फडोबा नुसता चोर होता. त्याने कोंबडी पळवायची आणि भरतची बायको मंगल हातात म्हातारीची बाहुली घालून त्याला केरसुणीने बडवायची, एवढंच. दोघं शिवणाच्या टेबलाआड बसायचे आणि पुढे पडदा म्हणून कुणाची तरी झूल टांगलेली असायची. दुसऱ्या वर्षी भरतने त्याला बोलतं तोंड दिलं, आणि ते पुन्हा मिटलंच नाही. "आमी उसातच जन्मलो, राव. जंगल कुठं असतंय ते आमाला काय म्हाईत?" असं म्हणून फडोबा पावणा बनून घरोघर जायचा, चहा मागायचा, शेतीला रात्रीच मिळणाऱ्या लाइटीवरून रडगाणं गायचा. लोक पोट धरून हसायचे. लोणीपासून येडगावपर्यंत पोरं एकमेकांना फडोबाच्या आवाजात हाका मारायला लागली.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, "भरतभाऊ, पोरांना जवळ घेऊ दे त्याला. पोरं बाहुलीला मिठी मारतात ते टीव्हीवर फार गोड दिसतं." त्याने ऐकलं. प्रत्येक भागाच्या शेवटी गावातलं एखादं पोर यायचं आणि फडोबा त्याच्या गळ्यात पडायचा. पुढे मीच पिल्लाची कल्पना काढली. मंगलने मोज्याचं पिल्लू शिवलं, पिल्या. पोरांनी त्याला मांडीवर घ्यायचं, कुरवाळायचं. चौथ्या वर्षी आम्ही इतके गाजलो की सत्काराच्या शाली ठेवायला भरतच्या कपाटात जागा उरली नाही.

हे सगळं चालू असताना खरे बिबटे होतेच. शेळ्या जात होत्या, कुत्री जात होती आणि काही घरांतली माणसंही गेली. आम्ही तेवढा आठवडा कार्यक्रम बंद ठेवायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा मिठ्या मारायला लागायचो. आज याची मला लाज वाटते.

गेल्या वर्षी जानेवारीत दुकानामागच्या फडात तोडणी चालू होती. दुपारी भरत मशीनवर बसला होता आणि मी बॅटरी चार्जिंगला लावत होतो. फडापलीकडच्या वस्तीवरच्या प्रयागबाईंची नात संस्कृती दारात आली. दुसरीतली पोरगी, अंगात शाळेचा युनिफॉर्म. छातीशी ओढणीचं गाठोडं धरलेलं.

"काका, तुमचा पिल्या फडात राहिला व्हता," ती म्हणाली.

गाठोडं हललं. आतून मांजरासारखा, पण मांजराचा नसलेला आवाज आला. भरतने ओढणीचं टोक उचललं आणि तसंच खाली ठेवलं. डोळेही नीट न उघडलेलं बिबट्याचं पिल्लू होतं. पोरगी ते पाचटातून उचलून, बांधाबांधाने चालत, एकटी घेऊन आली होती. त्याची आई जवळपास असणारच होती.

भरतने पोरीला आत घेतलं आणि शटर ओढलं. मी वनखात्याला फोन लावला. त्यांची माणसं आली आणि पिल्लू घेऊन गेली. सापडलं त्याच जागी संध्याकाळी त्यांनी ते क्रेटमध्ये ठेवलं. आई आली आणि तोंडात धरून घेऊन गेली, असं दुसऱ्या दिवशी कळलं. पिल्लाचं भलं झालं. पण भरत काही त्या दुपारच्या धक्क्यातून बाहेर येईना.

प्रयागबाई त्या दिवशी नातीला न्यायला आल्या होत्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पोरीचा हात धरून एवढंच म्हणाल्या, "भरता, माझी पोरगी बिबट्याला भीत व्हती. ती भीती तू काढलीस."

भरतने फडोबा खुंटीला टांगला. तीन रविवार कार्यक्रम नाही. मी समजावलं, रागावलो, शेवटी म्हणालो की एक भाग माहितीचा करू, वनखात्याचे साहेब बोलतील.

"पोरं साहेबांचं ऐकत न्हाईत, फडोबाचं ऐकत्यात," भरत म्हणाला. "त्याचीच तर भीती वाटती मला. मी हसवून हसवून पोरांना खऱ्या बिबट्याच्या तोंडात द्यायला निघालो व्हतो, सुभाषराव."

मिठीची कल्पना तर माझीच होती.

मार्ग काढला मंगलने. काजं करता करता, मान वर न करता ती म्हणाली, "अहो, फडोबाला लाजरा करा. नवा जावई कसा, सासूनं बोलावलं तरी उंबऱ्यापाशीच घुटमळतो. तसा. त्यालाबी माणसाची भीती वाटतीच की."

फडोबा परत आला, पण कोपऱ्यातून. कुणी पुढे सरकलं की तो ओरडायचा, "थांबा राव, जवळ नका येऊ! मी भेलो की पंजा मारतो, आन् मंग माझं मलाच वाईट वाटतं." चहा त्याला बांधावर ठेवून द्यायचा आणि आपण मागे व्हायचं. पिल्या दिसला की फडोबा सांगायचा, "एकटं दिसतंय, पर एकटं न्हाई. त्याची आय तुमच्याकडं बघती हाय." आणि प्रत्येक भागाच्या शेवटी शिकवायचा, "मी समोर आलो तर पळू नका. एकमेकांना धरून, माझ्याकडं बघत मागं व्हा, आन् टाळ्या वाजवून मोठ्यानं वरडा!" एका भागात मंगलच्या हातातला बाहुला सरपंच शाल-नारळ घेऊन त्याचा सत्कार करायला निघतो, फडोबा मागे मागे सरतो, शेवटी शाल बांबूच्या टोकाला अडकवून दुरूनच द्यावी लागते. ते शूट करताना मी इतका हसलो की कॅमेरा हलला.

लोकांना मात्र ते रुचेना. "फडोबा बिघडला," असे फोन आले. मिठी नाही म्हणून पोरं रुसली, बघणारेही कमी झाले. मी कुरकुरलो. भरतने एकही मिठी परत आणली नाही. वर्षभर दर रविवारी, एकदाही नाही. मला वाटायचं, हा माणूस हट्टापायी आपल्याच हाताने आपली बाहुली मारतोय आणि पोरांच्या डोक्यात तर काहीच शिरत नाहीये. हीच भीती भरतलाही होती. ती तो बोलून दाखवायचा नाही, पण प्रयोग संपला की विचारायचा, "पोहोचतंय का हो?"

या फेब्रुवारीत गावातल्या शाळेच्या पटांगणात प्रयोग होता. दोनेकशे पोरं मातीत बसलेली. सत्काराचा प्रसंग चालू होता, फडोबा मागे सरत होता आणि भरतच्या घामेजल्या हातातून बाहुली सुटली. झुलीवरून घरंगळून पहिल्या रांगेपासून दोन हातांवर पडली. पूर्वी असं व्हायचं तेव्हा पोरं तुटून पडायची. एकदा तर मिशा उपटून नेल्या होत्या.

पहिलीतला एक चिमुरडा हात पुढे करून उठला. मागून संस्कृतीने त्याची कॉलर धरली.

"हात लावायचा नाय," ती म्हणाली. "पळायचंबी नाय. समद्यांनी मागं व्हा."

पहिली रांग उठली. पोरांनी एकमेकांचे हात धरले, बारक्यांना मधे घेतलं आणि फडोबावरची नजर न काढता पावलापावलाने मागे सरकली. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि दोनशे पोरं एका सुरात ओरडायला लागली.

पडद्याच्या वर भरतचा मोकळा हात तसाच राहिला होता. मग तो पडद्याआडून बाहेर आला. मला वाटलं, बाहुली उचलेल. पण तो तिला लांबून वळसा घालून पोरांपाशी गेला, त्यांच्यात उभा राहिला आणि त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवत, डोळ्यांतलं पाणी न पुसता, बिबट्यावर ओरडायला लागला.